एकच वाट, दोनदा : माघ-फाल्गुनात साताऱ्याचे डोंगर कसे बघायचे

मी सातारा डेपोत सव्वीस वर्षं कंडक्टर होतो. त्यातली अकरा वर्षं बामणोलीच्या गाडीवर काढली. यवतेश्वरचा घाट लागला की गाडी खालच्या गिअरवर येते. तोवर सगळ्यांची तिकिटं फाडून झालेली असायची, मग दाराशी उभं राहून बाहेर बघायला मोकळीक मिळायची. घाटात एका वळणावर एक पांगारा होता. पावसाळ्यात तो हिरव्या गर्दीत हरवून जायचा. संक्रांतीनंतर पानं गळून नुसता सांगाडा राहायचा, आणि माघ अर्धा सरला की एखाद्या सकाळी फांद्यांच्या टोकांना लाल ठिपके दिसायचे. दुसऱ्या दिवशी ठिपके मोठे, तिसऱ्या दिवशी त्यावर मैनांचा कल्ला. ते झाड बघायला मी मुद्दाम कधी गेलो नाही. रोज त्याच वेळेला त्याच वाटेने जात होतो, म्हणून ते मला दिसलं.

हे सगळं लिहायचं कारण माझी पुतणी. ती दरवर्षी होळीच्या आधी नवऱ्याला आणि दोन पोरांना घेऊन ठाण्याहून चार दिवस येते. पहिल्या वर्षी येतानाच यादी घेऊन आली होती. कास, ठोसेघर, सज्जनगड, चाळकेवाडी, महाबळेश्वर. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं. ठोसेघरच्या धबधब्याला पाणी नव्हतं. कासच्या पठारावर फूल नव्हतं. ‘काका, इथं काहीच नाही,’ म्हणाली, आणि ते ऐकून मला फार वाईट वाटलं, कारण सगळं होतं. तिसऱ्या दिवशी मी गाडीची किल्ली मागून घेतली आणि सगळ्यांना चालत अजिंक्यताऱ्याच्या उतारावर नेलं. त्यानंतर यादी पुन्हा कधी निघाली नाही.

माझी पद्धत अशी आहे. चार दिवसांची सुट्टी असेल, तर पहिल्या सकाळी दोन-अडीच किलोमीटरची एक वाट धरा. ती सावकाश, थांबत थांबत चाला. मधल्या दोन दिवसांत हवं तिकडे जा, पेढे घ्या, देवदर्शन करा. आणि शेवटच्या सकाळी पुन्हा तीच वाट, त्याच वेळेला चाला. पावसाळ्यात किंवा ऐन उन्हाळ्यात चार दिवसांत डोळ्याला जाणवेल असं फारसं बदलत नाही. या दिवसांत बदलतं. पंचांगात वसंत चैत्रात सुरू होतो, पण आमच्या डोंगरात तो माघी पौर्णिमेच्या सुमारासच हालचाल करायला लागतो. पाडव्यापर्यंत रोज काहीतरी नवं उघडत असतं.

पहिल्या दिवशी वाटेवरची पाच झाडं ठरवून घ्या. झाडाचं नाव माहीत नसलं तरी चालतं. ‘वळणावरचं वाकडं’, ‘देवळामागचं’ अशी नावं पोरं आपणहून देतात. त्यातलं एक झाड पिंपळ असू द्या, कारण तो सगळ्यात लवकर बदल दाखवतो. पुतणीच्या थोरलीने पहिल्या दिवशी वहीत काढला तेव्हा फांदीच्या टोकाला नुसती गुलाबी टोकदार गुंडाळी होती, जपमाळेच्या मण्याएवढी. चौथ्या दिवशी तिथं तांबूस, तकाकणारी, दोन बोटं रुंदीची पानं लोंबत होती. इतकी पातळ की उन्हाकडे धरली तर एकेक शीर मोजता यावी. तिने विचारलं, पान हिरवं का नाही? कोवळ्या पानात हरितद्रव्य भरायला वेळ लागतो. तोवर अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य त्याला कडक उन्हापासून जपतं, आणि पानं खाणाऱ्या किड्यांनाही ते फारसं रुचत नसावं, असं मानतात. आंब्याची, जांभळाची, कुसुमाची कोवळी पालवी लाल-तांबडी दिसते तीही यामुळेच. कुसुम तर नव्या पालवीने इतका लाल होतो की लांबून फुलला आहे असंच वाटतं.

आता फुलांकडे येऊ, कारण खरी गंमत तिथं आहे आणि फसायलाही तिथंच होतं. पानं नसलेलं आणि लाल फुललेलं झाड दिसलं की येणारा प्रत्येक जण ‘पळस’ म्हणतो. लाल फुलणारी तीन झाडं नीट ओळखायला शिका.

पळस बहुतेक करून बुटका आणि वेडावाकडा असतो. त्याचा रंग नुसता लाल नाही, शेंदरी-केशरी आहे. खाली पडलेलं फूल उचला आणि तळहातावर ठेवा. मागचा देठाकडचा पेला काळसर तपकिरी असतो, मखमलीसारखा. त्यातून पाकळ्या बाहेर आलेल्या असतात, आणि खालची पाकळी पोपटाच्या चोचीसारखी वाकलेली असते. वास घेऊन बघा, येत नाही. वासाने बोलावण्यासारखं गिऱ्हाईक त्याला नकोच आहे. त्याच्याकडे येतात ते पक्षी, आणि पक्षी रंगावर येतात. पानं आधी टाकून देण्याचा फायदाही हाच. कोरड्या दिवसांत पाणी वाचतं आणि फूल लांबून दिसतं. झाडावर एखादं जुनं पान उरलं असेल तर बघा, तीन दलांचं असतं. ‘पळसाला पानं तीन’ आपण आयुष्यभर म्हणतो, पण मोजून बघितलेली माणसं मला फार थोडी भेटली. पोरांना मोजायला लावा.

पांगाऱ्याचं फूल गडद लाल. फांदीच्या टोकाला घोस असतो आणि एकेक फूल वाघनखासारखं वाकलेलं. फांद्यांवर बारीक काळे काटे असतात, म्हणून हात लावायच्या आधी बघा. लाकूड मऊ आणि हलकं. पान त्याचंही तीन दलांचं, त्यामुळे पानावरून पळसाशी घोटाळा होतो, फुलावरून होत नाही. मिरजेकडच्या पानमळ्यांत नागवेलीला आधार म्हणून शेवरी-शेवग्याबरोबर पांगाराही लावतात. तिकडच्या लोकांना तो शेतातला सोबती म्हणूनच ओळखीचा आहे.

काटेसावर मात्र उंच, सरळ, फांद्या चहूबाजूंना आडव्या पसरलेल्या. कोवळ्या खोडावर शंकूसारखे जाड काटे असतात, झाड म्हातारं झालं की ते कमी होत जातात. फूल तळहाताएवढं, पाच जाड मांसल पाकळ्यांचं, आणि मधे पुंकेसरांचा झुबका. धाकट्याने एकदा बसून पुंकेसर मोजले, साठाच्या पुढे गेल्यावर त्याचा हिशेब चुकला. सावरीखाली गेलात तर पाच मिनिटं नुसते गप्प उभे राहा. फूल अख्खंच्या अख्खं खाली पडतं, आणि पडताना ‘थप्प’ असा चांगला जाड आवाज होतो. अर्ध्या पाकळ्या कुरतडलेल्या असतील तर वर खारी किंवा वानरं आहेत, मान वर करून शोधा.

या तिन्ही झाडांवर सकाळी बाजार भरतो. मैना, बुलबुल, कोतवाल, शिंजीर. त्यात गुलाबी अंगाची आणि काळ्या डोक्याची मैना थव्याने दिसली, तर ती पळसमैना. भोरडीही म्हणतात तिला. ती इथली नव्हे. मध्य आशियातून हिवाळ्यात येते आणि उन्हाळा तापायच्या आत परतीला लागते. जाता जाता पळस-पांगाऱ्याचा मध पोटभर खाऊन घेते. डोक्यावर पिवळी पावडर लागलेली मैना दिसली तर तिला रोग झालाय असं समजू नका, ते परागकण असतात.

डोळ्यांइतकंच कानांनी बघा. अंधार सरत असतो तेव्हा दयाळ सुरू होतो. कोकीळ थंडीभर मुका असतो, या दिवसांत तो घसा साफ करायला लागतो. पहिल्या आठवड्यात त्याचा सूर वरपर्यंत चढतही नाही. आणि दिवसभर ‘टुक् टुक् टुक्’ करत राहतो तो तांबट. तांबटआळीत भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज, मिनिटाला शंभराच्या वर ठोके. त्याला शोधायची युक्ती सांगतो, कारण यात लोक हमखास हरतात. तो बोलताना मान इकडून तिकडे वळवतो, म्हणून आवाज जागा बदलतोय असं वाटतं. आवाजाच्या मागे फिरू नका. एका जागी उभे राहा आणि झाडाच्या शेंड्याची वाळलेली काटकी बघा. तो चिमणीएवढा हिरवा पक्षी बहुतेक वेळा तिथंच बसलेला असतो, कपाळ आणि छातीवरचा पट्टा लालभडक, गळा पिवळा.

एका वर्षी आम्हाला एका शेवग्यावर त्याचं घर बांधणं बघायला मिळालं. सडकी आडवी फांदी होती आणि तो तिच्या खालच्या अंगाला उलटा चिकटून टोचत होता. भोक खालून पाडतो म्हणजे वरचं पाणी आत जात नाही. पहिल्या दिवशी रुपयाएवढी खळगी होती, तो पूर्ण बाहेर दिसत होता. चोचीने टोचायचा, थांबायचा, मान झटकून भुसा उडवायचा. तो भुसा खाली थोरलीच्या वहीवर पडत होता, पिवळसर, रव्यासारखा. चौथ्या दिवशी गेलो तर फक्त शेपटी बाहेर होती. पोरं श्वास धरून बघत होती. आम्ही वीस पावलं मागे उभे होतो. याच्या जवळ जायचं नाही. पक्षी काम थांबवून तुमच्याकडे बघायला लागला, की तुम्ही फार पुढे आलात असं समजा आणि मागे सरा.

वाट कुठली धरायची? शहरात उतरला असाल तर अजिंक्यताराच. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण गाडी खाली ठेवा आणि चाला. दरवाज्यातून आत गेल्यावर मंगळाईच्या देवळाकडे जाणारी वाट, तळी आणि तटाच्या कडेकडेने फिरलात तर दोन तास पुरत नाहीत. वरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर सगळे एकेक करून दाखवता येतात. थोडी जास्त सावली हवी असेल तर देगावजवळचं पाटेश्वर. पायऱ्यांची वाट झाडीतून चढते आणि वर गेल्यावर कातळात कोरलेली, नाना आकारांची शिवलिंगं बघायला मिळतात. महाशिवरात्रीला तिथं गर्दी असते, पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांनी तो दिवस सोडावा. तसंच माघ वद्य नवमीला दासनवमी असते, त्या दिवसांत सज्जनगडावर उत्सव असतो. तेव्हा दर्शनाला अवश्य जा, पण शांतता मिळेल असं धरून जाऊ नका.

गुडघे दुखणारी माणसं बरोबर असतील तर संगम माहुली. कृष्णा आणि वेण्णा तिथं मिळतात. घाटाच्या पायरीवर नुसतं बसलं तरी धोबी शेपटी हलवत दगडादगडावरून फिरताना दिसतो. थोड्याच दिवसांत तो उत्तरेला निघून जाणार असतो. माहुलीला साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे, आणि नदीवर सूर मारणारा निळा पक्षीही खंड्याच. आमच्या धाकट्याला हे इतकं आवडलं की दोन्ही खंड्या बघितल्याशिवाय तो तिथून हलत नाही.

कासबद्दल स्पष्ट सांगतो. 2012 साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेलेलं ते फुलांचं पठार ऑगस्ट ते ऑक्टोबरचं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये ते कॉफीच्या रंगाच्या गवताचं असतं. तरीही जायचं असेल तर पठारावर थांबू नका. पुढे तलावाच्या काठाला दाट झाडी आहे, तिथं सकाळी जा. अंजनीची झाडं बहरली असतील तर फांद्यांना निळ्या-जांभळ्या मण्यांचे झुबके चिकटल्यासारखे दिसतात. करवंदीच्या जाळ्या पांढऱ्या फुलांनी भरलेल्या असतात, त्यांचा वास आधी येतो आणि जाळी मागून दिसते. माझा सल्ला असा की वर जाताना एसटीने जा आणि उतरताना थोडं अंतर चाला. खिडकीतून बघून ठेवलेलं झाड चालताना पुन्हा भेटतं. परतीची गाडी किती वाजता ते चढतानाच कंडक्टरला विचारून ठेवा, या मार्गावर गाड्या थोड्या आहेत.

सांगलीकडे मुक्काम असेल तर देवराष्ट्र्याजवळचं सागरेश्वर. उघडाबोडका डोंगर माणसांनी झाडं लावून उभा केलेला आहे, जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, 1985 पासून अभयारण्य. चितळ, सांबर, काळवीट बघायचे असतील तर सकाळी दार उघडताच आत जा.

निघायची वेळ महत्त्वाची. या दिवसांत सात वाजायच्या सुमारास सूर्य वर येतो, तेव्हा तुम्ही वाटेवर हवेत. म्हणजे घरातून सव्वासहाला बाहेर. सकाळी स्वेटर लागतो आणि साडेदहाला डोकं तापतं, म्हणून साडेनऊला परत फिरा. दुपारी झोपा. माणशी दोन लिटर पाणी घ्या, डोंगरातली टाकी या दिवसांत पिण्यालायक नसतात. खायला भाकरी, चटणी, शेंगदाणे-गूळ पुरतं. वाटेत शेतकऱ्याकडे हरभऱ्याचा डहाळा विकत मिळाला तर घ्या, पण विचारून. बांधावरून उपटू नका.

कपडे पूर्ण बाह्यांचे आणि पूर्ण पायांचे, मळकट रंगाचे. वाळलेल्या गवताची कुसळं मोज्यांत शिरतात आणि पायाला टोचत राहतात. त्यासाठी मोज्यांवरून पँट खाली ओढा, पँट मोज्यात खोचू नका. उतारावर वाळलेलं गवत तेल लावल्यासारखं निसरडं असतं आणि मुरमाचा घसारा त्याहून वाईट. उतरताना पाय आडवा टाका आणि हातात काठी ठेवा. काठीने पुढची जाळी हलवली की साप असला तरी आपणहून बाजूला होतो.

खाजकुहिली ओळखायला शिका. वेलीला वाकड्या शेंगांचे घोस, त्यावर सोनेरी-तपकिरी लव. दिसायला फार देखणी, पोरं हात लावणारच. या दिवसांत शेंग वाळलेली असते आणि वाऱ्यानेही लव उडते. अंगाला लागली तर चोळू नका, खाजवू नका. चिकटपट्टी लावून हळूच उचला, मग भरपूर पाण्याने धुवा आणि कपडे बदला.

आग्या मोहोळ हा खरा धोका. कड्याच्या पोटात, बुरुजाखाली, उंच सावरीवर काळे पाटे लटकलेले दिसतात. चालायला जायच्या दिवशी अत्तर, सेंट, सुगंधी तेल काही लावू नका. मोहोळाखाली आरडाओरडा, दगड, धूर यांतलं काहीही नको. माशा उठल्याच तर हात झाडत उभं राहू नका. तोंडावर कापड घ्या, लहान पोराला पोटाशी धरा आणि सरळ लांब पळा, गाडीत किंवा खोलीत शिरा. काटे नखाने खरवडून लगेच काढा. खूप चावल्या असतील, किंवा धाप लागली, ओठ सुजले तर 108 ला फोन करा.

आणि वणवा. याबद्दल मी हात जोडून सांगतो. माघ-फाल्गुनात डोंगर वाळलेल्या गवताने भरलेला असतो आणि एक विडी पुरते. गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं अशी समजूत अजून आहे. रिटायर झालो त्या वर्षी मी यवतेश्वरच्या बाजूला एक उतार जळून गेल्यावर दुसऱ्या सकाळी चाललो. पाय टाकला की राख उडत होती. पळसाच्या कळ्या एका अंगाने भाजून वाकल्या होत्या, दुसऱ्या अंगाला उमललेल्या. टिटवी डोक्यावर ओरडत फिरत होती. तिची अंडी जमिनीवर उघड्यावर असतात. ती मला दगडांमधे सापडली, चार, काळी पडलेली. ती तिथून जात नव्हती. मीही बराच वेळ तिथून हललो नाही.

म्हणून काडेपेटी घरी ठेवा. चूल मांडायची हौस गावातल्या अंगणात भागवा. जंगलात आग लावणं 1927 च्या वन कायद्याने गुन्हा आहे. धूर दिसला तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर फोन करून गाव आणि डोंगराची बाजू सांगा. वारा आग ज्या बाजूला नेतोय तिथं थांबू नका, एकट्याने विझवायला जाऊ नका.

शेवटच्या सकाळी, दुसऱ्यांदा वाट चालताना, एक कापडी पिशवी बरोबर घ्या. पळसाखाली पडलेली फुलं तेवढी वेचा, झाडावरची तोडू नका, ती मैनांची आहेत. दोन ओंजळी फुलं पुरतात. घरी आल्यावर देठाकडचा काळा पेला काढून टाका, पाकळ्या पातेल्यात घालून वर उकळतं पाणी ओता, झाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी फडक्यातून गाळा. रंग खेळायला केशरी-पिवळं पाणी निघतं. फार गडद होत नाही, पांढऱ्या सदऱ्यावर मात्र चांगलं दिसतं. गेल्या वर्षी धाकट्याने ते पाण्याच्या बाटलीत भरून घेतलं आणि ठाण्यापर्यंत मांडीवर धरून नेलं.